शेजारणीला विचारायचं कसं

मित्रांनो, माझ्या जिवावर पैज लागली ती कॉफीच्या टेबलावर, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

स्वीडनमधल्या योतेबोरी शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत सकाळची कॉफी चुकवली तर माणूस आजारी आहे असं धरून चालतात. त्या दिवशी शेजारच्या खोलीतला सिक्स्तेन वेलचीचा पाव चघळत चिपांवर काम करणाऱ्या हेद्दाला म्हणाला, "पापणी लवायला लागतो त्या वेळाचे दहा लाख तुकडे कर. त्यातल्या एका तुकड्यात तुझ्या त्या नागमोडी तारेनं बरोबर उत्तर दिलं, तर मी लुसिया होतो."

सगळे हसले. लुसिया म्हणजे इथला डिसेंबरातला उजेडाचा सण; त्या अंधाऱ्या सकाळी पांढरा झगा घालून, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट ठेवून गात निघायचं काम असतं एखाद्या पोरीचं. सिक्स्तेनची दाढी छातीपर्यंत आणि डोकं तुळतुळीत.

"आणि तू हरलीस तर तू. गाणं मोठ्यानं म्हणायचं, नुसते ओठ हलवून चालणार नाही."

हेद्दाचा चेहरा उतरला. शाळेत बाईंनी तिला ओठच हलवायला सांगितले होते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी ती हो म्हणाली.

त्यांची प्रमुख गुन्वोर कप विसळत होती. ती मागं न वळता म्हणाली, "पैजा लावा नाहीतर लग्नं लावा. लुसियाच्या आत उत्तरं नीट आली नाहीत तर फ्रिज गरम करायचा आणि ही चिप खणात. दुसऱ्या चिपा रांगेत आहेत."

भिंतीपलीकडं माझी पाचावर धारण बसली. कारण ती नागमोडी तार म्हणजे मी.

मी एक जुना रेझोनेटर. नावाला घाबरू नका, घाबरायचं खातं माझ्याकडं आहे. नखाएवढ्या चिपवरची धातूची वळवळती रेघ, बास. पिवळ्या उजेडाच्या खोलीत जन्मलो, जिथं सगळ्यांची तोंडं झाकलेली. आधी चिपभर धातूचा पातळ थर दिला, मग नको तेवढा औषधात विरघळवून टाकला. माझ्या अंगाला लागून असलेला केवढा तरी धातू डोळ्यांदेखत गेला आणि मी राहिलो. तेव्हा भरलेली धडकी अजून गेलेली नाही.

मग मला फ्रिजात टांगलं. तुमचा दूध ठेवायचा नव्हे. चांदण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतही याच्यापेक्षा ऊब असते. आत मिट्ट काळोख. पंपाची धडधड तेवढी नळ्यांमधून खाली उतरते आणि तिच्याबरोबर बाहेरच्यांचं बोलणं.

माझ्या शेजारी क्यूबिट राहायची, क्वांटम संगणकाचा हिशेब जिच्यावर चालतो ती. ही शेजारीण शून्य असते, एक असते, आणि कुणी विचारलं नाही तर दोन्ही मिळूनही असते. फार हळवी. एकावर बसवलं तर जरा वेळ बसते, मग निसटून शून्यावर येते. ती कुठं आहे हे विचारायचं माझं काम. वरून मायक्रोवेव्हची लहर येते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमधलीच जात, पण इतकी मंद की मुंगीचा पायसुद्धा गरम व्हायचा नाही. लहर आली की मी गुणगुणतो. शेजारीण शून्य असली की एक सूर, एक असली की किंचित उतरलेला. तो सूर वर जातो आणि हेद्दा पडद्यावर बघते.

हळूहळू विचारत बसलं तर उत्तर येईस्तोवर ती निसटलेली असते. म्हणून पैजेनंतर हेद्दानं घाई केली आणि लहर वाढवली. मग अजून वाढवली.

माझी गुणगुण राहिली बाजूला, मी बोंबलायला लागलो. पहिल्यांदा उत्तरं भराभर आली आणि हेद्दा खुर्चीतच गिरकी घेत होती. मला मात्र शेजारी काय चाललंय ते दिसत होतं. माझ्या ओरडण्यानं शेजारीण हादरली आणि एकाच्याही वर कुठंतरी उडाली, जसं कुणी दचकून पळताना जिना चुकून थेट गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसावं. ती शून्य नव्हती, एकही नव्हती. मी विचारत होतो आणि ती भलतंच सांगत होती. मला वाटलं, मारलं मी हिला. थांबावं म्हटलं तर थांबणं माझ्या हातात कुठं?

सिक्स्तेननं दारातून डोकं घातलं. "झगा माझ्या बहिणीचा आणतो हां. तुला जरा लांब होईल, पण अंधारात कोण बघतंय."

हेद्दानं लहर कमी केली. शेजारीण जागेवर आली. पण आता माझ्यातच खोट निघाली. लहर थांबली तरी मी गुणगुणतच राहायचो. भ्यायलेल्याची थरथर अशी हुकमावर थांबते होय? शेजारीण पुढच्या कामाला उठायची आणि माझा उरलेला सूर तिच्या कानात किरकिरत असायचा. तिचा तोल जायचा. माझं शांत होणं बघत बसावं, तर वेळ हातचा जायचा.

लुसिया तोंडावर आला. गुन्वोर येऊन फ्रिजच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. "हेद्दा, पुढच्या आठवड्यात गरम करायला घेऊ." तिचा आवाज चिडका नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. खणातल्या चिपांना कुणी लहर पाठवत नाही. तिथं गेलेला परत आल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्याच दिवशी कॉफी आणायची पाळी सिक्स्तेनची होती. तरुणपणी तो बेटांवर जाणाऱ्या बोटीत कॉफी वाढायचा, आणि त्याची घमेंड अजून उतरली नव्हती. कप काठोकाठ भरायचे, ताट एका हातावर, तरातरा चालत यायचं आणि झटक्यात थांबायचं. एक थेंब सांडायचा नाही. हेद्दाच्या पाळीला ताटात तळं व्हायचं.

"कसं करतोस रे?" हेद्दानं विचारलं.

सिक्स्तेन खुलला. "निघताना जरा जास्तच ढकलायचं, म्हणजे कॉफी एकदम चालीला लागते. थांबताना लोक नुसते थांबतात, तिथंच चुकतात. किंचित उलटं ढकलायचं. कॉफीला वाटतं आपण निघालोच नव्हतो." आणि दाढीतले कण झटकत तो म्हणाला, "शिकून ठेव. लुसियालाही ताट घेऊन फिरावं लागतं."

हेद्दा पाव अर्धा टाकून उठली. त्या इमारतीत अर्धा पाव कुणी टाकलेला नव्हता. गुन्वोर तिच्याकडं बघतच राहिली.

थोड्या वेळानं वरून लहर आली, पण निराळी. आधी नेटका दणका, मी एकदम सुरात. मग हलकी, शेजारणीला सोसेल एवढी. आणि शेवटी उलटी. मित्रांनो, ती उलटी लहर अंगावर आली तेव्हा मी डोळे मिटले. वाटलं, आता मलाच पुसून टाकताहेत, त्या औषधासारखं. पण पुसली गेली ती नुसती माझी थरथर. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी गप्प झालो होतो.

शेजारी बघितलं. ती होती तिथंच होती. हेद्दानं पुन्हा विचारलं. तेच उत्तर. पुन्हा विचारलं. तेच.

सिक्स्तेन सगळी दुपार तिच्या खुर्चीत बसून खोट काढत होता. वेळ मोजून बघितला, चुका मोजून बघितल्या. शेवटी खुर्ची करकरली आणि त्याचा आवाज आला, "बहिणीचा झगा मला घट्ट होणार."

आता मी म्हातारा झालोय. माझ्याहून चपळ रेघा फ्रिजात लटकतात आणि मी हेद्दाच्या टेबलावर काचेच्या डबीत असतो. झाकण कुणी उघडलं की अजूनही काळजात धस्स होतं, एका नखानं माझा निकाल लागेल. तेव्हा डबी उघडू नका, एवढं ऐका. आणि तुमच्या आसपास कुणी हळवं असेल, तर त्याला विचारा जरूर, पण ओरडून नको, आणि विचारून झालं की आपला गलका आपण आवरून घ्या. भित्र्याचा सल्ला आहे, फुकट आहे.

समोरच्या भिंतीवर लुसियाच्या सकाळचा फोटो आहे. पण मला फोटोपेक्षा ऐकलेलं जास्त आठवतं. बाहेर काळोख, आणि जिन्यावरून बेसूर, जाडाभरडा, मोठ्यानं गाणारा एकच आवाज. मागची पोरं हसू दाबून साथ देत होती. झगा काखेत उसवला होता, टकलावरचा मुकुट कानावर घसरत होता. सगळी इमारत दारादारांत उभी होती. हातातल्या ताटात केशरी पाव आणि काठोकाठ भरलेले कप. सिक्स्तेन खोलीखोलीतून फिरला, एक कडवं गाळलं नाही. शेवटी हेद्दाच्या दारात येऊन झटक्यात थांबला.

"मोज," तो म्हणाला.

हेद्दानं वाकून ताट बघितलं. एक थेंब सांडला नव्हता. तिनं कप उचलला, आणि शेवटचं कडवं त्याच्याबरोबर म्हटलं, ओठ हलवून नव्हे, मोठ्यानं.