आप्पांच्या गाडीची लाईट

शितलनं मोटारसायकलचा शेवटचा स्क्रू फिरवला, काच पुढं ओढली आणि हेडलाईट वायरींच्या गुंत्यासकट तिच्या मांडीवर येऊन पडली. शेजारी गोधडीवर आठ महिन्यांचा सार्थक पालथा पडून पेढ्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण चोखत होता. तारा दिसल्यावर त्यानं झाकण टाकलं आणि सरपटत निघाला.

“तू न्हाई,” शितलनं त्याला पायानंच अलगद मागं सारलं. “तुला अजून ट्रेनिंग न्हाई.”

कडवळाचा भारा घेऊन आलेले तिचे सासरे हौसराव अंगणातच थबकले.

“आगं आगं आगं! काय मांडलंयस हे?”

“वायरिंग बघतीय, आप्पा.”

“गाडी हाय ती. शिलाई मशीन न्हाई.”

“मशीनपेक्षा सोपी हाय.”

आतून सासूबाईंचा, पुतळाबाईंचा आवाज आला, “मग मशीनबी नीट कर म्हणावं. दोन वर्सं झाली, धागाच धरंना.”

हौसरावांनी भारा गोठ्याकडं नेला. जाताना मात्र दोनदा मागं वळून पाहिलं. गाडी त्यांची होती. लेकाच्या जन्माआधीची नव्हती एवढंच, बाकी घरातल्या बहुतेक गोष्टींपेक्षा जुनी.

उद्या सोमवार. बुधवारी रांजणगावच्या कंपनीतून फोन आला होता. बाळंतपणाची रजा संपली, सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. कंपनीची बस भांडगावच्या हायवेवर पहाटे पावणेसहाला यायची. खुटबावच्या या वस्तीपासून हायवेपर्यंत पाच किलोमीटर, त्यातले तीन कालव्याच्या कडेनं, दोन्ही बाजूंना ऊस. रस्त्यात एक खांब नाही, आणि या थंडीत बिबट्या दोनदा दिसलेला. पूर्वी तिचा नवरा सत्यजीत सोडायचा. बाळ झाल्यावर त्यानं ट्रक धरला आणि आता तो महिन्यातले वीस दिवस गुजरातच्या वाटेवर असायचा.

राहता राहिले आप्पा.

“मी सोडलं असतं गं,” ते बुधवारी म्हणाले होते. “पर त्या गाडीची लाईट म्हंजी नुसता काजवा. तुला घेऊन कुठं कालव्यात जाऊ? त्यापरीस राहू दे नोकरी. पोरगं ल्हान हाय.”

शितलनं त्यातलं ‘लाईट’ एवढंच ऐकलं. तिनं शुक्रवारी त्यांच्यामागं लकडा लावून त्यांना वरवंडला मेहबूबच्या गॅरेजवर धाडलं, जुना पिवळा बल्ब काढून पांढरा एलईडी बसवून आणायला लावला. संध्याकाळी चालू केला तर रेस दिली की लखलखाट आणि सोडली की फडफड. खड्ड्यापाशी गाडी हळू केली की नेमका तिथंच अंधार.

“बघ. म्हणलं नव्हतं?” हौसराव म्हणाले होते. त्यांच्या आवाजात जरासा सुटकेचा सूर होता. तो तिला रात्रभर टोचत राहिला. सासऱ्यानं तोंडानं नाही म्हणायचं नाही, लाईटच्या तोंडून म्हणवून घ्यायचं. याच्याशी भांडायचं तरी कसं?

शनिवारी सार्थकचा राहिलेला डोस होता. वरवंडहून परतताना ती मेहबूबच्या गॅरेजसमोर उतरली. लस टोचल्यामुळं पोर हमसून हमसून खांद्यावर झोपलेलं.

“रिले द्या एक. होल्डर, आन् दहा अँपियरचा फ्यूज. वायर माझ्याकडं हाय.”

मेहबूबनं तिच्या मागं कोणी बाप्या आहे का ते पाहिलं. कोणी नव्हता.

“बसवणार कोण, वहिनी?”

“मी.”

त्यानं ड्रॉवर उघडला. सामान पुडीत बांधताना आवाज खाली आणला.

“आप्पांना माझं नाव सांगू नका. मी कालच म्हणलं होतं, हा बल्ब बॅटरीवर घेऊ, नायतर मिचमिच करंल. तर म्हणाले, नको नको, ऱ्हाऊ दे तसंच.” मग पुडी देताना म्हणाला, “आन् बसवून झाल्यावर भिंतीवर लाईट पाडून बघा. न्हाईतर समोरचा शिव्या देत चारीत जाईल.”

‘ऱ्हाऊ दे तसंच.’ ती सहाआसनी रिक्षात बसून घरापर्यंत तेच चघळत आली.

आणि आता हे सगळं तिच्या मांडीवर होतं. काळी, हिरवी, निळी-पांढरी. पहिल्यांदा तिला हसूच आलं. चार वर्षं ती कंपनीत बोर्डापुढं उभी राहून अशाच तारा अंथरत होती, टोकांना क्लिपा दाबत होती, फांद्या फुटतील तिथं टेपचे तीन वेढे देत होती. दिवसाला शंभर हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, आठवड्याला सहाशे. पेटीत भरून ते कुठं जातात, कुठल्या गाडीच्या पोटात बसतात, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. ही गाडी तिच्या नोकरीच्या कितीतरी आधीची. तरी फांदीपाशी टेपचे तेच तीन वेढे होते. कोण्या दुसरीनं, कुठल्याशा दुसऱ्या बोर्डापुढं उभं राहून दिलेले. शितलनं त्यांवरून अंगठा फिरवला.

मग हात आपसूक चालू लागले. लाईटची तार इंजिनच्या कॉइलवरून येत होती, म्हणून तर इंजिन दमलं की लाईट दमायची. ती तार तिनं मोकळी केली, बॅटरीपासून नवी ओढली, मध्ये फ्यूज दिला, बॅटरीचा करंट लाईटला जोडणारा रिले सीटखाली बांधला. दोनदा सार्थकनं हाक दिली, दोनदा तिनं त्याला ओढणीखाली घेतलं आणि एका हातानं टेप गुंडाळत राहिली. दुसऱ्या वेळी तो पिता पिता झोपला. टेपचं रीळ त्याच्या मुठीतच राहिलं. तिनं उरलेलं काम दातानं टेप तोडून केलं, पण रीळ काढून घेतलं नाही.

दिवस कलला. शितलनं गाडी गोठ्याच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, हेडलाईटची उंची मोजपट्टीनं मोजली आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीला कोळशानं रेघ मारली.

“आत्या, मागं बसा. आप्पा, तुम्ही पुढं.”

“मी कशाला?” पुतळाबाई नातवाला काखेत घेऊन उंबऱ्यातच थांबल्या.

“ओझं पाहिजे. मागं माणूस बसलं की मागची बाजू दबती, लाईट वर चढती. म्हणून माणसं बसवूनच लावायची.”

“म्हंजी मी ओझं.”

“चाळीस वर्सं तेच सांगतोय,” हौसराव म्हणाले.

“तुम्ही गप बसा. तुमच्या वजनानं लाईट चांदोबावर जाईल.”

शेवटी दोघंही बसले, मध्ये सार्थक. फोटो काढायला आल्यासारखी तिघं अंगणात ताठ. हौसरावांनी किक मारली, शितलनं बटण सरकवलं.

गोठ्याची भिंत दिवस उगवल्यासारखी उजळली. म्हैस रवंथ करायची थांबली.

“आगं बया!” पुतळाबाई म्हणाल्या. “भिंतीला पोपडे किती आलेत!”

“रेस सोडा, आप्पा.”

हौसरावांनी मूठ सोडली. इंजिन खाली आलं, फटफट मंद झाली. भिंतीवरचा उजेड तसूभरही हलला नाही. शितल हेडलाईटपाशी वाकली. मग खालचा स्क्रू पाव वळसा, आणखी पाव. उजेडाची वरची कड सरकत सरकत कोळशाच्या खाली आली आणि सरळ आडवी बसली.

“कुठवर आलीय?” हौसरावांनी विचारलं.

“ती काय, खुणेच्या खाली बोटभर.”

“हां, हां,” ते म्हणाले. पण ते खुणेकडं नव्हते बघत, जरा डावीकडं बघत होते.

“आता एक फेरी मारू, आप्पा. हायवेपर्यंत.”

“आत्ता? जेवणं व्हायचीत.”

“जावा की,” पुतळाबाई खाली उतरत म्हणाल्या. “भाकरी काय पळून जातीय?”

नाही म्हणायला आता लाईटचं निमित्त उरलं नव्हतं. हौसरावांनी गाडी वळवली. शितल मागं बसली, आणि कालव्याच्या रस्त्याला लागताच तिला ओरडावंसं वाटलं. उसाचं पान न् पान सुटं दिसत होतं. भरावावरचे दगड, चाकोरीतलं सुकलेलं शेण, लगबगीनं रस्ता ओलांडणारं मुंगूस, त्याची झुबकेदार शेपटीसुद्धा. हे सगळं तिनं उजळलं होतं, दहा अँपियरच्या फ्यूजवर आणि तीन-तीन वेढ्यांवर. आता बोलायचं असं तिनं ठरवलं. दोन दिवस जुळवलेली वाक्यं ओठांवर आली. ‘आप्पा, आता तुम्ही काय कारण काढणार?’

गाडी दुसऱ्या गिअरवरून वर जाईना. मग एकदम थांबली.

“पुढं खड्डा हाय का गं?”

“न्हाई, आप्पा. बाभळीची सावली हाय.”

“हां. सावलीच.”

वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. हौसरावांनी गाडी पार कडेला घेतली, दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि मान खाली घातली. ट्रॅक्टर ढगढगत शेजारून गेला, ट्रॉल्या गेल्या, उसाची चिपाडं उडून खाली बसली. आवाज दूर गेला तरी त्यांची मान खालीच.

“गेला का?” त्यांनी विचारलं.

ट्रॅक्टर शंभर पावलं मागं पोचला होता. शितल त्यांच्या मानेकडं पाहत राहिली. माघाची थंडी पडली होती, आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलर घामानं भिजलेली होती.

तिनं जुळवलेली सगळी वाक्यं गिळून टाकली.

“गेला, आप्पा,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “जरा मला चालवू देता का? रिले तापतोय का बघायचंय.”

“तापतोय व्हय?”

“चालवल्याबिगर कळायचं न्हाई.”

हौसराव इतक्या पटकन उतरले, की जणू कोणी हाक मारायचीच वाट पाहत होते.

शितलनं ओढणी कमरेला खोचली. माहेरी, मांडवगणला, ती भावाच्या गाडीवर दुधाच्या किटल्या घालायची. लग्नानंतर गाडीला हात लावला नव्हता. पहिला गिअर जरा खाडकन पडला. दुसरा बरा. तिसऱ्याला गाडी लोण्यासारखी सरकली आणि चौथ्याला कालव्याचं पाणी डाव्या हाताला चमकत तिच्याबरोबर धावायला लागलं. वारा डोळ्यांत पाणी आणत होता, तिला फरक पडत नव्हता. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कुठंतरी निघाली होती. रस्ता तिच्यापुढं उलगडत होता, आणि मागं बसलेल्या आप्पांनी एका हातानं गाडीचं कडं आणि दुसऱ्यानं टोपी घट्ट धरली होती.

“हळू गं!” ते ओरडले. आणि थोड्या वेळानं म्हणाले, “चांगली चालवतीस की.”

घरी आल्यावर पुतळाबाईंनी ताटं वाढत विचारलं, “कशी हाय लाईट?”

“हाय,” हौसराव भाकरी मोडत म्हणाले. “पार कालव्यापल्याडचं दिसतं.” मग ताटाकडं बघतच, “सकाळी पाचला उठवा मला. हिला बस हाय.”

शितलनं कालवणाची वाटी त्यांच्या हाताजवळ सरकवली.

पहाटे तिनं सार्थकला झोपेतच पाजलं, दुधाची वाटी आत्यांच्या उशाशी झाकून ठेवली, त्याच्या मुठीतून आपलं बोट अलगद सोडवलं. अंगणात आली तर हौसराव मफलर गुंडाळून तयार होते, गाडीच्या मागच्या बाजूला. किल्ली पुढं लावलेली.

ती पुढं बसली.

भांडगावच्या टपरीवर चहाला आधण आलं होतं. हौसराव उतरले आणि टपरीवाल्याला म्हणाले, “लाईट बघितली का? आमच्या शितलनं बसवलीय.”

“मिस्त्री कोण म्हणायचा?”

“आता सांगितलं काय तुला? हीच मिस्त्री.”

शितलनं किल्ली त्यांच्या हातात दिली. “जावा आता, आप्पा. थंडी लई हाय.”

“जातो की. चहा घेतो.” ते किटलीकडं बघत म्हणाले, “उजाडल्यावर जातो.”

उजाडायला अजून तासभर होता.

“बरं,” ती म्हणाली. “संगं बिस्किटं घ्या.” बसचे दिवे लांबून दिसले तशी तिनं डब्याची पिशवी उचलली. “रविवारी दौंडला जाऊन येऊ, आप्पा. दवाखान्यात.”

“का? पोराला काय झालंय?”

“पोराला काय न्हाई झालं.”

हौसरावांनी मफलरचं टोक घेतलं आणि हेडलाईटची काच पुसायला सुरुवात केली. काच स्वच्छच होती. ते पुसत राहिले.

बस थांबली. दार उघडताच आतून तीन-चार आवाज एकदम आले. आली गं शितल! बाळ कसंय? फोटो दाखव आधी! कुणी पिशवी घेतली, कुणी सरकून खिडकीची जागा दिली. ती बसते न बसते तोच काचेवर टकटक झाली. खाली हौसराव उभे होते, हातात चहाचा ग्लास.

तिनं काच सरकवली.

“गाडीवरच जायचं ना?”

“गाडीवरच. मी चालवीन.”

“ते कळलं गं.” त्यांनी ग्लास या हातातून त्या हातात घेतला. “सकाळी का दुपारी, ते इचारतोय.”

“सकाळी.”

हौसरावांनी मान हलवली. मग बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, “हां, जाऊ द्या!”