दोन बोटांचं माप

चाळीस वर्षांत गुरुलिंगअप्पांच्या दुकानात गाडी खाली घ्यायला कुणीच आलं नव्हतं. मांजरसुंब्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं कमानपाट्यांचं दुकान. उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रक, टेम्पो दारात रांग लावत आणि सगळ्यांचं मागणं एकच असे: अप्पा, गाडी बसाय लागली, अजून एक पाटा घाला. अप्पा पाटा घालत आणि गाडी वर उचलली जाई. त्यामुळं सत्यमनं आपली पांढरी मोटार दारात लावून जे मागितलं, ते ऐकून अप्पांच्या हातातला पाना हातातच राहिला.

"खाली घ्यायची, अप्पा. लई खाली. चाकाच्या अन् मडगार्डच्या मधी दोनच बोटं गेली पायजेत."

"कावून?"

"पुढच्या महिन्यात बीडला गाड्यांचा मेळावा हाय. लांबलांबून गाड्या येणार! मागच्या चाकावर दोन बोटांपेक्षा जास्त फट असंल तर रांगेत उभंच करत न्हाईत."

सत्यम नेकनूरचा. पाच हंगाम त्यानं कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवला आणि त्या कमाईतून ही जुनी मोटार घेतली. तो बोलत होता तेव्हा त्याचे डोळे असे चमकत होते की अप्पांना त्याला हाकलून द्यावं असं वाटेना.

अप्पांची मुलगी रुद्राणी भट्टीजवळ पाटे मोजत होती. दुकान आता तीच बघायची. तिथूनच तिनं विचारलं, "आणि मेळावा झाल्यावर?"

"झाल्यावर काय?"

"झाल्यावर नेकनूरला काय उडत जाणार हाय का गाडी? ब्रेकर किती हायत वाटंत, मोजलेत का कधी?"

सत्यम चिडला. "ताई, तुमाला जमत नसंल तर सांगा. बीडात एक जण हाय. ग्राइंडरनं स्प्रिंगचे दोन वेढे उडवतो, अर्ध्या तासात गाडी जमिनीवर."

हे ऐकलं आणि अप्पा ताडकन उठले. "स्प्रिंग कापायची न्हाई! कापलेली स्प्रिंग आखूड होती, लेका. खड्ड्यावर चाक खाली लोंबलं की ती जागा सोडती. मग चाक एकीकडं अन् तू एकीकडं. आखूड स्प्रिंग इकत मिळती, तिच्या मापाचा, हादरे झेलणारा शॉकअप मिळतो. जुना शॉकअप तसाच ठिवला तर चार महिन्यांत बोंबलंल."

"मग तुमी करता?"

अप्पांनी पाना खाली ठेवला. गोल स्प्रिंगा त्यांनी बदलल्या होत्या, पण निवडून, मापून गाडी खाली बसवायची हे काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. आता वाटत होती ती भीती की हौस, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"करतो," ते म्हणाले. "दोन बोटं म्हणजे दोनच बोटं. माझी जबान हाय."

रुद्राणीनं कपाळाला हात लावला. पण तिच्याही ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. "आधी आरटीओत विचार, विमावाल्याला विचार," तिनं सत्यमला बजावलं. "कागद झाल्याशिवाय मी बोल्ट सैल करू देणार न्हाई."

तिसऱ्या दिवशी सत्यम कागदांची पिशवी घेऊन हजर झाला. अप्पा तोवर तयारीत होते. पुढ्यात उसाची मोळी, हातात कोयता.

"ऊस खाता का काय?" सत्यमनं विचारलं.

"तुझी गाडी मोजायलोय."

ही अप्पांची जुनी रीत. ट्रॉलीचा हूक रस्त्याला घासतोय का, ते बघायला ते हुकाखाली सोललेल्या उसाचं कांडं बांधायचे. सोललेला ऊस पांढराफेक. जरा घासला तरी खरड दिसते, आदळला तर तुटतो, आणि गाडीला काही होत नाही. आता त्यांनी मोटारीच्या पोटाखाली तीन ठिकाणी कांडी बांधली: इंजिनखाली, मधोमध आणि सायलेन्सरपाशी. प्रत्येक कांडं अडीच इंच खाली लोंबणारं.

"गाडी अडीच इंच खाली घेतली तर जिथं टेकंल, तिथं हे कांडं आत्ताच टेकंल," अप्पा म्हणाले. "गाडी खाली घ्यायच्या आधी रस्त्याला विचारून घ्यायचं. चल, तुझ्या घरापतुर."

निघाली मिरवणूक! पुढं सत्यमची मोटार, मागं रुद्राणीची मोटरसायकल आणि तिच्या पाठीमागं बसलेले, मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली बघणारे अप्पा. पहिला ब्रेकर आला.

"तिरकी घाल!" अप्पा ओरडले. "एक एक चाक चढीव!"

सत्यमनं गाडी तिरकी घातली. कांडी शाबूत. दुसरा ब्रेकर, तिसरा. धाब्यावरचे ड्रायव्हर उठून बघायला लागले. सातव्या ब्रेकरनंतर नेकनूर आलं तेव्हा तिन्ही कांडी जागेवर होती आणि सत्यम दार उघडून रस्त्यातच नाचत होता.

"अडीच इंच, अप्पा! अडीच!"

अप्पांनी त्याला नाचू दिलं. मग शांतपणे विचारलं, "गाडीत रोज बसतं कोण?"

बसायची त्याची आई जानकीबाई. वीस हंगाम तिनं ऊस तोडला होता आणि ट्रॉलीत बसून गाव सोडलं होतं. आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सत्यम तिला आठवडी बाजाराला मोटारीनं नेई, आणि ती एकटी कधीच जात नसे. गल्लीतल्या कडूबाई, सुभद्राबाई आणि कौशल्याबाई तिच्याबरोबर असायच्याच.

"बोलीव सगळ्यांना," अप्पा म्हणाले. "रिकाम्या गाडीचं माप म्या जन्मात घेतलं न्हाई."

चौघी पदर खोचून आल्या. कौशल्याबाई पुढं बसल्या, तिघी मागं.

"कुठं न्यायलास रे सत्या?" कडूबाईंनी विचारलं.

"ब्रेकरवर."

"अगं बाई! लई दिसांनी कुणीतरी फिरायला नेतंय, तेबी ब्रेकरवर."

पहिल्याच ब्रेकरवर आवाज आला. कट्ट! मग अजून एक कट्ट! सत्यमनं गाडी थांबवली. मधलं आणि सायलेन्सरपाशी बांधलेलं, दोन्ही कांडी रस्त्यावर तुटून पडली होती. त्याचा चेहरा उतरला. जानकीबाईंनी मात्र काचेतून हात बाहेर काढला. "आण की इकडं. वाया कावून घालवायचं?" आणि त्यांनी धूळ पुसून एक कांडं चक्क चावलं. "गोड हाय."

अप्पांनी दोन इंचाची कांडी बांधली, तुटली. दीड इंचाची बांधली, खरडली. सव्वा इंचाची बांधली आणि गाडी सातही ब्रेकरवरून अलगद गेली. पांढऱ्या उसावर एक ओरखडा नाही.

"सव्वा इंच," अप्पांनी जाहीर केलं.

"सव्वा इंचात दोन बोटं बसतील का?" सत्यमचा आवाज बारीक झाला.

"बसवतो. जबान दिलीया न्हवं?"

रुद्राणीनं पुण्याहून सव्वा इंच आखूड, जरा कडक स्प्रिंगा आणि जोडीचे शॉकअप मागवले. पार्सल आलं त्या दिवशी अप्पांनी दुपारचं जेवणसुद्धा उभ्यानं उरकलं. दोन दिवस बापलेक गाडीखाली होते. स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर मडगार्डला घासत नाही ना ते बघितलं. अलाइनमेंट करून आणली. पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्या भिंतीवर पाडून दिवे पुन्हा सरळ केले. शेवटी अप्पांनी चौघींना गाडीत बसवलं, सत्यमला स्टेअरिंगवर बसवलं आणि मागच्या चाकावरच्या फटीत बोटं घातली. एक. दोन. तिसरं जाईना!

"बसली!" अप्पा म्हणाले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानात टाळ्या वाजल्या.

मेळाव्याच्या दिवशी सगळे बीडला गेले. सत्यम, गाडीत दाटीवाटीनं बसलेल्या त्या चौघी, आणि मागं मोटरसायकलवर बापलेक. मैदानाच्या फाटकातच एक उंच ब्रेकर होता. त्याच्या पुढं एक लालभडक गाडी फळ्या टाकून टाकून कशीबशी चढत होती आणि मागं रांग खोळंबली होती. सगळ्यांनी गाडीतून उतरून पाय मोकळे केले, आणि आयोजकांपैकी एक जण मोजायला आला.

त्यानं सत्यमच्या गाडीच्या मागच्या चाकावर बोटं घातली. एक, दोन... आणि तिसरं बोटही आरामात आत गेलं.

"भाऊ, तीन बोटं हायत. गाडी बाजूला घ्या."

सत्यमनं अप्पांकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच अप्पांना सोसेना. त्यांनी स्वतः बोटं घातली. तीन! मापलं तेव्हा दोन होती, आज तीन कशी? स्प्रिंग चुकली का? म्हातारपणी नको त्या कामाला हात घातला का? अप्पांच्या कपाळावरच्या भस्मातून घामाची रेघ उतरली.

तेवढ्यात जानकीबाई कडूबाईंना म्हणाल्या, "चल गं, गाडीत जाऊन बसू. गुडघे दुखाय लागले."

अप्पा गर्रकन वळले. बसू! अरे देवा! चाळीस वर्षांची सवय! त्यांनी भरल्या गाडीचं माप घेतलं होतं, आणि गाडी इथं रिकामी उभी होती!

"बसा!" ते ओरडले. इतक्या मोठ्यानं की लाल गाडीवाल्यानं फळी टाकून दिली. "समद्या बसा! सत्यम, तूबी!"

चौघी धावतच आत शिरल्या. दारं धाडधाड लागली. गाडी जराशी खाली दबली.

"आता घाला बोटं," अप्पांनी त्या माणसाला सांगितलं.

एक. दोन. तिसरं बोट मडगार्डला अडलं.

"पण आजोबा, असं माणसं बसवून..."

"कावून?" रुद्राणी पुढं झाली. "गाडी माणसं बसायसाठी न्हाई का? माणसं बसवू नयेत असं तुमच्या नियमात लिवलंय का कुठं?"

त्यानं नियमांचा कागद काढला. खालून वर, वरून खाली वाचला. आसपास माणसं गोळा झाली होती आणि हसत होती. "न्हाई लिवलेलं," तो शेवटी म्हणाला. "पण मग रांगेपर्यंत अशीच जायची. भरलेली. फाटकातनं. फळ्या न्हाई मिळायच्या."

सत्यमनं गाडी सुरू केली. पाच माणसं, आणि समोर तो उंच ब्रेकर. अप्पा फाटकाशी धावले. निघायच्या आधीच त्यांनी कुणाला न सांगता गाडीच्या पोटाला चिकटून एक बारीक सोललेलं कांडं आडवं बांधून ठेवलं होतं. आता ते सरळ धुळीत पालथे पडले, गाल जमिनीला टेकवून.

"तिरकी घाल, लेका!"

पहिलं चाक चढलं. दुसरं चढलं. अप्पांची नजर कांड्यावर. गाडीचं पोट ब्रेकरवरून सरकत होतं, सरकत होतं... आणि मागची चाकं अलगद पलीकडं उतरली. आवाज नाही. कट्ट नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

सत्यमनं गाडी रांगेत लावली आणि खिडकीतून दोन बोटं वर करून अप्पांना दाखवली. अप्पा धूळ झटकत आले, वाकून ते कांडं सोडलं, उलटसुलट करून बघितलं. पांढरंफेक. त्यांनी ते मागच्या खिडकीतून जानकीबाईंच्या हातात दिलं.

जानकीबाईंनी ते गुडघ्यावर मोडून चौघींत वाटलं आणि दाराच्या कडीला हात घातला. "झालं न्हवं आता? उतरू का?"

"न्हाई!" सत्यम, रुद्राणी आणि अप्पा एकदमच ओरडले.

चौघी संध्याकाळी चारपर्यंत गाडीतच बसून होत्या. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला कडूबाई काच खाली करून सांगत, "घाला की बोटं, दोनच जातील."