यंत्राची झूल

"किमती वस्तू उघडी ठेवू नये गं मालन. धूळ बसते, आणि धुळीआधी लोकांची दृष्ट बसते."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण मुलुंडच्या त्या तीन खोल्यांत मालनताईंना हा आवाज अजून ऐकू यायचा. त्या आवाजाचं म्हणणं त्यांनी कधी मोडलं नाही. रेडिओवर मोरांचं कव्हर होतं, शिवणाच्या मशीनवर द्राक्षांच्या घोसांचं. मग ऐन वैशाखात जावयाने चाकांवरचं थंड हवेचं यंत्र घरी पाठवलं, तेव्हा ते तरी उघडं कसं राहावं?

जावई नंदकिशोर फोर्टात एका विलायती कंपनीत होता. लेक नीला पहिलटकरीण, आठव्या महिन्यात माहेरी आलेली. उकाड्याने तिचं अंग घामोळ्यांनी भरलं, डोळ्याला डोळा लागेना. नंदकिशोरने साहेबाला गळ घालून यंत्र दोन महिन्यांपुरतं मागून आणलं. उभ्या ठेवलेल्या ट्रंकेएवढं ते धूड. त्याची जाड नळी खिडकीतून गरम हवा बाहेर सोडायची आणि पुढच्या जाळीतून असा गारवा यायचा, की नीला पहिल्याच दुपारी चादर मागून घेऊन झोपली.

त्या संध्याकाळी मालनताईंनी यंत्राला हळदकुंकू लावलं, पुढ्यात उदबत्ती ठेवली. धूर वर जाईना. तो वळसा घालून यंत्राच्या पाठीमागे गेला आणि कुठे गडप झाला कळलं नाही.

"बघ नीला, हे यंत्र वास मागून घेतंय," त्या म्हणाल्या.

मग कव्हराला बारा दिवस लागले. दसुतीच्या जाड कापडावर कमळं, कमळांवर हंस. पुढची जाळी आणि बटणं मोकळी राहावीत म्हणून त्यांनी नेमकं मापून कापड कापलं, कडांना गोट लावला. मागची बाजू कुणाला दिसणार नव्हती, तिथे नुसतं जाड मांजरपाट दुहेरी लावलं. गुरुवारी ते चढवलं तेव्हा यजमान श्यामकांत वर्तमानपत्रावरून बघत म्हणाले, पोळ्याच्या बैलाला झूल घातल्यासारखं दिसतंय, आता शिंगं तेवढी रंगव.

आणि शनिवारी यंत्र रुसलं. घरघर चालू, वारा मात्र नावाला. श्यामकांतांनी नळी तपासली. वायरमनने फ्यूज बदलून पाहिला. शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, विलायती जिनसा आपल्याकडे तीन दिवस मानवतात, मग आजारी पडतात. रविवारी नंदकिशोर स्वतः आला. त्याने खिडकीच्या फटीत कागद कोंबले, प्लग काढून पुन्हा बसवला. कव्हराशी दोनदा त्याचा हात गेला आणि दोनदा मागे आला. "सुंदर झालंय," एवढंच म्हणाला.

निघताना मात्र त्याने हळूच विषय काढला. यातला गॅस संपला असावा. बुधवारी कंपनीची गाडी यंत्र न्यायला येईल. त्याच गाडीतून नीलाला वरळीला नेतो, तिथे समुद्राचा वारा आहे. बाळंतपण तिकडेच करू.

 नीला आईकडे बघत राहिली.

मालनताईंची आई लवकर गेली होती. त्यांची तिन्ही बाळंतपणं सासरी झाली. सासूबाईंनी काही कमी केलं नव्हतं, पण कळा येताना जो हात धरावासा वाटतो, तो आईचा हात नव्हता. नीलाच्या वेळी तो असावा, इतकंच त्यांचं मागणं. सोमवारी त्या टेकडीखालच्या देवीपुढे उभ्या राहिल्या आणि मनात बोलल्या: आई, लेक माझ्याजवळ राहू दे. माझ्या हातचं सगळ्यात देखणं जे असेल, ते अनवाणी येऊन तुझ्या पायाशी ठेवीन.

मंगळवारी दिवेलागणीला त्यांनी नेमाप्रमाणे उदबत्ती लावली. देवघर झालं, तुळस झाली. आजारी माणसाला अंगारा लावावा तशी एक यंत्रासमोर धरली. धूर सुतासारखा सरळ वर गेला.

मालनताई तशाच उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी हा धूर मागे गेला होता. आज का जात नाही?

त्या पाठीमागे गेल्या. दुहेरी मांजरपाट आत चिकटून बसलं होतं, तोंडावर उशी दाबावी तसं. त्यांनी बंद सोडले, कव्हर उतरवलं. मागे बोटभर रुंद पट्ट्यांची भली मोठी जाळी होती आणि जाळीच्या आत पांढरंशुभ्र बर्फ धरलं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मीच याचं नाक दाबलंय."

श्यामकांत हसता हसता खुर्चीतून घसरायचे राहिले. बटण बंद केलं. बर्फ वितळून टपटप पाणी गळत राहिलं, नीला पोट धरून हसत राहिली. दीड तासाने यंत्र पुन्हा लावलं. मालनताईंनी नवी उदबत्ती धरली. धूर डुलला, वळला आणि मुकाट्याने मागे निघून गेला. थोड्या वेळाने नीलाने चादर मागितली.

बुधवारी गाडी घेऊन आलेला नंदकिशोर दारातच थबकला. खोलीत डोंगरावरची सकाळ भरली होती. सगळं ऐकून तो कानापर्यंत लाल झाला.

"मला शंका आली होती, आई. पण सासूच्या भरतकामाला वाईट म्हणायची छाती होईना."

"पुढच्या वेळी म्हणा हो जावईबापू," मालनताई म्हणाल्या. "माझी लेक निघाली होती तेवढ्यापायी."

गाडी रिकामीच परत गेली.

संध्याकाळी नवसाचं ऐकून श्यामकांतांनी विचारलं, म्हणजे आता गुन्हेगारालाच देवीपुढे हजर करणार?

"माझ्या हातचं त्याहून देखणं दुसरं काही नाही."

"ने बापडी. देवीच्या पाठीला बांधू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मालनताईंनी मांजरपाट उसवून काढलं. उरलेल्या कमळांची आणि हंसांची नीट घडी घातली, वर नारळ ठेवला. आत नीला गाढ झोपली होती. यंत्र आपलं उघड्या पाठीने श्वास घेत होतं. त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं, चपलांकडे पाहिलंही नाही, आणि टेकडीच्या वाटेला लागल्या.