उंबऱ्यात आडवी

गाडी फाटकातून आत वळली आणि तिची मागची काच फुटली. आतून एक बूट बाहेर आला, बुटामागे पाय, आणि पायामागे अशी किंकाळी की अंगणातल्या कोंबड्या कोळशाच्या ढिगाआड पळाल्या.

मागच्या दारातून कुबात बाहेर कोलमडला. त्याच्या उजव्या कानाची पाळी अर्धी लोंबत होती. पूर्वी तो कुस्ती खेळायचा, मग सुया टोचून घ्यायचा, आणि त्यातून वाचल्यावर आता इतरांच्या पोरींना रस्त्यावरून उचलून इथे आणायचा.

"चावली," तो म्हणाला. "बुरुल-एजे, कुत्र्यासारखी चावली!"

"मग कान तिच्या तोंडापाशी न्यायचास कशाला? गुपित सांगत होतास?"

बुरुल पायरीवर उभी होती; एजे म्हणजे ताई, सगळे तिला तसंच हाक मारत. साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू. तलावाकाठच्या या जुन्या आरोग्यधामात ती मुलींची देखभाल करी. इथे येणाऱ्या मुली चौदा ते अठराच्या. कुणी दारूच्या, कुणी गोंद हुंगणाऱ्या, आणि अलीकडे बहुतेक 'मीठ' घेणाऱ्या. त्या पांढऱ्या भुकटीला शहरात सगळे मीठच म्हणत. जेवताना कुणी मीठ मागितलं की सगळं टेबल खिदळे आणि बुरुल डाव उगारी. आधी सांगितलं तर मुली पळून जातात, म्हणून घरच्यांच्या संमतीने त्यांना न सांगताच उचलून आणायचं, असा इथला रिवाज.

ड्रायव्हरने फाटक लावून घेतलं आणि दोघांनी मिळून मुलीला बाहेर ओढलं. पेरिझात तिचं नाव. सोळा वर्षांची, काटकुळी. काच लागून कपाळ फुटलं होतं आणि रक्त पापणीवर आलं होतं. तिने ड्रायव्हरच्या नडगीवर लाथ हाणली. त्याने तिचा हात पिरगाळला. हाडाचा असा आवाज आला की बुरुलने ओठ चावला.

"हळू रे! कोंबडी नाही ती."

"पहिल्यांदा सगळ्याच रडतात," कुबात कान दाबत मुलीला म्हणाला. "मग राहतात. सवय होते. तूही राहशील."

हे तो प्रत्येकीला सांगे, आणि त्याच्या मते ते धीराचं बोलणं होतं.

बुरुल रक्त पुसायला कापड आणायला आत गेली. हाताला जे लागलं ते तिने घेतलं: शेगडीवरच्या दोरीवर वाळत घातलेला तिचा डोक्याचा पांढरा रुमाल. दोन्ही हातांत तो पसरून ती पायऱ्या उतरली.

पेरिझात एकाएकी थिजली. तिने फाटकाकडे पाहिलं, दोन्ही पुरुषांकडे पाहिलं, दारातून रुमाल घेऊन येणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं. चेहऱ्यावर रक्त होतं तेवढंच लाल राहिलं, बाकी सगळा पांढरा पडला.

"नाही," ती म्हणाली. "डोक्यावर नको. आई शप्पत, मी मरेन. मी कुणाची सून होणार नाही!"

तेव्हा कुठे बुरुलच्या ध्यानात आलं. दोन बाप्ये, गाडी, बंद फाटक, पांढरा रुमाल. इकडे नवरी पळवून आणतात ती अशीच. घरातल्या बायका डोक्यावर रुमाल बांधतात, आणि तो एकदा बांधला गेला की पुढे बोलायला काही उरत नाही.

"अगं नाही, बाळ, हा तर—"

मुलीने ड्रायव्हरच्या हाताला हिसडा दिला, कोळशाचं फावडं उचललं आणि गोल फिरवलं. ते कुबातच्या जबड्यावर बसलं. तो गुडघ्यांवर आला, थुंकला, आणि बर्फात पडलेले आपले दोन दात पाहून त्याला भलतंच नवल वाटलं. फाटक बंद होतं, म्हणून मुलगी घरातच घुसली. तिच्या धक्क्याने बुरुल कठड्यावर आपटली. आत औषधांच्या कपाटाची काच खळकन फुटली.

बुरुल आत गेली तेव्हा पेरिझात भिंतीला पाठ लावून उभी होती. हातभर लांब काचेचा तुकडा स्वतःच्या गळ्याला लावलेला. तळहात कापून रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं.

जिन्यावर बाकीच्या मुली जमल्या. डोकं भादरलेली कुंदुझ पुढे वाकली.

"अगं, आधी नवरदेव तरी बघ! तो बाहेरचा ना? दात पडलेत त्याचे. पण माणूस कष्टाळू आहे हो!"

मुली हसल्या. मग गळ्यावर लाल रेघ उमटली आणि हसू थांबलं.

आरोग्यधामाचे प्रमुख सोवेत्बेक-आके, म्हणजे सगळ्यांचे सोवेत्बेकदादा, धावत आले. जुने खेळाचे मास्तर. अजूनही शिट्टी फुंकल्यासारखं बोलायचे.

"काच खाली! ताबडतोब!"

काच आणखी आत रुतली.

"आके, ओरडू नका," बुरुल म्हणाली. "तिला वाटतंय, लग्नासाठी पळवलंय. बाळ, नीट बघ. हा दवाखाना आहे. इथे तुझं मीठ सोडवणार. नवरा बिवरा कुणी नाही."

"सगळ्या म्हाताऱ्या असंच बोलतात. आधी चहा पी म्हणतात, नुसती बस म्हणतात. माझ्या मावशीला असंच बसवलं होतं." पेरिझातचे दात वाजत होते. "माझ्या आईला फोन लावा. तिला कळलं ना, तर घर पेटवून देईल तुमचं!"

सोवेत्बेकने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे शिलाई मशिनी घरघरत होत्या. मॉस्कोच्या कारखान्यात आई रजया शिवते, हे बुरुलला ठाऊक होतं.

"आई! मला पळवून आणलंय! पोलिसांना—"

"पेरिझात." मशिनी चालूच होत्या. "मीच बोलावलं त्यांना. शाळेच्या रस्त्यावर गाठा, असं मीच सांगितलं."

मशिनींच्या घरघरीतून आईचा आवाज पुन्हा आला.

"मी इथून काय करू गं? आजीला ढकललंस तू. तिचा हात मोडला. आज ना उद्या तू मेली असतीस. थोडे दिवस रडशील. मग सवय होते, पोरी."

सोवेत्बेकने फोन बंद केला. पेरिझात हसायला लागली. ते हसू ऐकून कुंदुझने जिन्यावरच्या सगळ्यांत लहान मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि सगळ्यांना वर हाकललं.

"म्हणजे मला कुणी पळवलं नाही," पेरिझात म्हणाली. "मला देऊन टाकलं."

बाहेर गाडी सुरू झाली. कुबातला टाके घालायला नेत होते. फाटक उघडलं आणि घाईत उघडंच राहिलं. घराच्या दारातून फाटक दिसत होतं, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे कालवा. मुलीने ते पाहिलं.

"मी सुई आणतो," सोवेत्बेक बुरुलच्या कानाशी पुटपुटले. "तोवर दार धरा, एजे. झोपली की पट्ट्यांनी पलंगाला बांधू." आणि ते मागच्या खोलीकडे गेले.

पेरिझात भिंतीपासून सुटली. काच पुढे धरून ती दाराकडे निघाली.

"बाजूला सर, म्हातारे. तुलाही चिरीन."

चिरली असती. बुरुलला त्याबद्दल शंका नव्हती, आणि स्वतः चिरली जाण्याची फारशी भीतीही नव्हती. भीती कालव्याची होती. मागच्या हिवाळ्यात नाझीक नावाची मुलगी याच फाटकातून गेली. बर्फ वितळल्यावर कालव्यात सापडली तेव्हा तिच्या अंगात बुरुलने विणलेला स्वेटर होता. त्याची वीण बघून बुरुलनेच तिला ओळखलं.

हिला धरायला हातांत बळ नव्हतं. समजवायला शब्द नव्हते. बुरुल एक गुडघा टेकून खाली बसली, मग दुसरा, आणि दाराच्या उंबऱ्यात सबंध आडवी झाली.

पेरिझातचा पाय उचललेला तसाच राहिला.

म्हातारी बाई उंबऱ्यात आडवी झाली की तिला ओलांडायचं नसतं. जी ओलांडते तिचं कधी भलं होत नाही, तिच्या पोटच्यांचंही नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही. मीठ घेणाऱ्या, कान चावणाऱ्या, दात पाडणाऱ्या पोरीच्या पायालाही ते ठाऊक होतं. पाय हवेतच होता आणि कापलेल्या हातातून रक्ताचे थेंब बुरुलच्या एप्रनवर पडत होते.

"ऊठ," पेरिझात म्हणाली. "ऊठ ना गं! हे करू नकोस."

जमिनीवरून बुरुलला तिचा बूट दिसत होता. लेस सुटलेली. आणि मग बुरुलला दुसरे पाय दिसले. एकोणीस वर्षांचे, स्वतःचे, नारिन गावातल्या एका थंडगार घरात. तेव्हा उंबऱ्यात नवऱ्याची आजी आडवी होती, म्हातारीच्या मोज्याला टाचेशी भोक होतं, आणि पलीकडे उघडं अंगण होतं. बुरुल तेव्हा म्हणाली होती, ऊठ ना गं. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते. पुढे सगळं रीतसर झालं. नवरा वाईट नव्हता. हे ती आयुष्यभर इतक्यांना सांगत आली होती की कुणी विचारायच्या आधीच तोंडून निघे.

आपलेही डोळे मिटलेले आहेत, हे बुरुलच्या आत्ता ध्यानात आलं. तिने ते उघडले.

मागच्या खोलीचं दार वाजलं. सोवेत्बेकची पावलं निघाली.

बुरुलने हात वर केला.

"मला उठव," ती म्हणाली. "गुडघे धरलेत. एकटीने उठता येत नाही."

पेरिझात बघत राहिली. एका हातात काच, दुसरा पिरगाळलेला. शेवटी तिने काच दारामागे टाकली आणि कापलेला, निसरडा हात पुढे केला. बुरुल कण्हत उठली, भिंतीला धरून सरळ झाली, आणि उंबरा सोडून बाजूला सरकली.

"उजवीकडे रस्ता कालव्याच्या काठाने जातो," ती म्हणाली. "जायचंच असेल तर डावीकडे गावात जा. पहिल्या घरात दिनारा राहते. माझं नाव सांग, ती दार उघडेल."

मग खुंटीवरचा आपला कोट काढून तिने मुलीच्या हातात कोंबला, आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

सोवेत्बेक सुई घेऊन आले ते थेट बुरुलपुढे.

"बाजूला व्हा, एजे!"

"नाही."

"अहो, दार सताड उघडं आहे!"

"मीच उघडं ठेवलंय."

"ती मेली तर? नाझीकसारखी?"

थंड वारा तिच्या मानेवर येत होता. मागे वळून बघावं असं तिच्या अंगातल्या एकेका हाडाला वाटत होतं. तिने सोवेत्बेकचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. एवढं बळ तिच्या हातात अजून होतं तर.

सोवेत्बेक तिच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागले. बराच वेळ. मग त्यांच्या मनगटातला ताण सैल पडला.

"उंबऱ्यावर बसलीय," ते म्हणाले. आवाजातली शिट्टी गेली होती. "पाय बाहेर टाकून."

उंबऱ्यावर बसू नये. बुरुलने या घरात आलेल्या प्रत्येक मुलीला त्यासाठी रागे भरलं होतं.

"बसू दे," ती म्हणाली.