उकव्याहून आलेला प्रश्न

मी बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलत असतात, म्हणून आज थोडा वेळ मला द्या. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका ग्रंथालयात संदर्भ विभाग आहे, त्या विभागाचा मी मोबाईल. माझे भाऊबंद घरोघरी आहेत, पण ते एकेका माणसाचे. मी सगळ्या जिल्ह्याचा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून सरकत डब्यात गेलो आणि उजेड पाहिला तो एकदम इथल्या बाजारातल्या दुकानात. ग्रंथालयाच्या समितीने मला घेतलं, कारण संदर्भ विभागातल्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या होत्या.

पूर्वी तसं नव्हतं म्हणे. हे मला बंडोपंतांकडून कळलं. ते या विभागातून निवृत्त झाले, पण रोज सकाळी पेपर वाचायला येतात आणि जुन्या गोष्टी सांगतात. कुणाला परीक्षेसाठी, कुणाला कोर्टातल्या कामासाठी, कुणाला धानावरच्या किडीसाठी माहिती हवी असायची. माणूस समोर येऊन बसायचा आणि बंडोपंत जाडजाड कोश उघडायचे. तिरोडी, उकवा अशा लांबच्या गावचा माणूस पोस्टकार्ड टाकायचा. एकाने बारशासाठी नावांचे अर्थ मागवले होते. उत्तर पोचलं तेव्हा बाळ रांगायला लागलं होतं!

मग ग्रंथालयात कॉम्प्युटर आला, त्याच्या मागून प्रत्येकाच्या हातात फोन आला, आणि लोकांना वाटू लागलं की आता कुणाला विचारायची गरजच उरली नाही.

माझे सुरुवातीचे दिवस ड्रॉवरमध्येच गेले. "ह्या डबीला कोण काय विचारणार?" असं बंडोपंत म्हणायचे. पण आताची ग्रंथपाल संघमित्रा चिकाटीची. तिने माझा नंबर बाहेरच्या फळ्यावर लिहिला, बसस्टँडवर कागद चिकटवले. पहिला फोन आला तो गॅसच्या सिलेंडरसाठी. दुसऱ्याला रिचार्ज मारून हवा होता. संघमित्रा हसली, दोघांनाही नीट नंबर शोधून दिले. "काहीतरी विचारून तं राह्यले, काका," ती बंडोपंतांना म्हणाली.

हळूहळू माझा जम बसला. तिरोडीच्या एका विद्यार्थिनीला एका पुस्तकातलं पान हवं होतं. संघमित्राने माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढून पाठवला आणि मुलीने तिकडून आनंदाने लाल हृदयांची रांगच पाठवली. बंडोपंतांनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय, उत्तर आवडलं असं म्हणते का ती?"

माणसांची एक सवय मात्र मला बंडोपंतांनीच दाखवून दिली. लोक खरा प्रश्न आधी विचारत नाहीत. आधी आजूबाजूचं काहीतरी विचारतात आणि समोरचा कसा आहे ते बघतात. "त्याला थोडं बोलतं कर," बंडोपंत संघमित्राला सांगायचे. आणखी एक गोष्ट बदलली होती. पूर्वी लोक 'हे कुठे सापडेल' असं विचारायचे. आता सापडतं खंडीभर. आता विचारतात, 'हे खरं आहे का?'

लोकेश नावाच्या एका तरुणानेही तेच विचारलं. उकव्याहून त्याचा मेसेज आला, "मॅडम, ये वीडियो सही है क्या? जल्दी बताइए." पांढरा कोट घातलेला एक माणूस घाबरवणाऱ्या संगीतावर सांगत होता की सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेली मुलगी सून म्हणून आली तर घरातल्या सगळ्यांना तो आजार लागतो.

संघमित्राने त्याला फोन लावला. "तुमच्या घरी काही झालं का?" तिने विचारलं.

लोकेश भडाभडा बोलू लागला. तो तिथल्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. राजेगावच्या राखीशी त्याचं लग्न ठरलं होतं. राखीने पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं होतं की कॉलेजच्या शिबिरात तिचं रक्त तपासलं, त्यात सिकलसेलचा अंश निघाला, तिला स्वतःला त्रास काही नाही. तेव्हा कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर हा व्हिडिओ फिरला आणि आईने जेवण सोडलं.

"मम्मी म्हणते, लग्न मोड. मॅडम, मले राखीसंगच लग्न करायचं हाय. तुम्हीच काहीतरी करा ना."

"आम्ही डॉक्टर नाही," संघमित्रा म्हणाली. "पण कोणं काय लिहून ठेवलं, ते पाहून सांगतो."

बंडोपंत उठले आणि त्यांनी आपला जुना वैद्यक कोश आणला. त्यात या आजाराविषयी दोनच ओळी. संघमित्रा कॉम्प्युटरवर बसली. तिने सरकारी आरोग्य विभागाची पुस्तिका शोधली, एका मेडिकल कॉलेजने दिलेली माहिती काढली, दोन्ही शेजारी ठेवून वाचली. बंडोपंत मागे उभे राहून सारखे म्हणत होते, "लिहिणारा कोण ते बघ. कधी लिहिलं ते बघ." त्या व्हिडिओत ना डॉक्टरचं नाव होतं, ना दवाखान्याचं.

संघमित्राच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी लोकेशने आईला समोर बसवून व्हिडिओ कॉल लावला. तुळसाबाई त्यांचं नाव. मला आधी त्यांचं कपाळ आणि वरचे टिनाचे पत्रेच दिसले. लोकेशने फोन सरळ केला तेव्हा चेहरा दिसला. रागावलेला असेल असं मला वाटलं होतं. तो घाबरलेला होता.

त्यांनी व्हिडिओचं काही विचारलंच नाही. हळूच म्हणाल्या, "बाई, मले एक सांग. हात लावल्यानं होते का हे?"

"नाही मावशी," संघमित्रा म्हणाली. तिने पुस्तिकेतला तो भाग मराठीत सांगितला. "हे मायबापाकडून रक्तात येते. हात लावल्यानं नाही होत, संग जेवल्यानं नाही होत."

तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माह्या लहान भावाले होतं," त्या म्हणाल्या. "माणिक त्याचं नाव. हातपाय दुखले का रडे. मले बोलावे. सारे म्हणत, जवळ जाऊ नको, तुलेबी होईन. मी दारातूनच पाहो. तसाच गेला तो."

तेव्हा बंडोपंत पुढे झुकले. तिकडच्या पडद्यावर त्यांचा कान आणि अर्धी मिशीच आली असणार.

"तुळसाबाई, तुम्ही लहान होतात," ते म्हणाले. "आणि तेव्हा कोणी इथं येऊन विचारलं असतं ना, तरी माझ्याजवळ दोनच ओळी होत्या."

तुळसाबाईंनी डोळे पुसले. मग एकदम सावरून विचारलं, "मंग माह्या लोकेशच्या रक्तात असन तं?"

"ते तपासल्याशिवाय नाही समजत," संघमित्रा म्हणाली. "दोघांच्याही रक्तात असन, तं लेकराले आजार होण्याचा धोका असते. एकाच्याच असन, तं लेकराले तो आजार होत नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. ती करा आणि मंग डॉक्टरलेच विचारा."

"हौ," तुळसाबाई म्हणाल्या. "याची करतो. माहीबी करतो."

तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस अवघड गेले. मी वाजलो की संघमित्रा धावत यायची. मासिकांच्या वर्गणीचा फोन असला तर तिचा चेहरा पडायचा. बंडोपंत पेपरचं तेच पान उलटत बसायचे. मीही, खरं सांगतो, दुसऱ्या कुणाच्या फोनला मनापासून वाजत नव्हतो.

शेवटी लोकेशचा फोन आला. तो इतका मोठ्याने बोलत होता की मी थरथरत होतो. "मॅडम, मम्मीच्या रक्तात हाय, माह्या नाही! डॉक्टरनं समोर बसवून सारं समजावलं. मम्मीनं आजच राजेगावले फोन केला!"

लग्नाला संघमित्रा आणि बंडोपंत दोघं बसने गेले. मी पर्समध्ये होतो. मांडवात एक बाई कुजबुजली, "मुलीच्या रक्तात काही हाय म्हणतात." तुळसाबाईंनी ऐकलं आणि राखीचा हात आपल्या हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हाय. माह्याबी हाय. म्या बालाघाटच्या लायब्ररीत विचारलं, डॉक्टरलेबी विचारलं. तुमाले विचारायचं असन तं नंबर देतो."

मग त्यांनी खरंच नंबर दिला. बंडोपंतांच्या पानात बुंदीची चौथी वाढ पडत होती आणि मी पर्समध्ये वाजू लागलो होतो. मांडवातलेच लोक नंबर खरा आहे का ते बघत होते.

आता मी थकलोय. काच कोपऱ्यातून तडकली आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते, फोटो जास्त झाले की अंग तापतं. समितीने नवा फोन मंजूर केलाय. या आठवड्यात माझं सिम काढून त्याच्यात घालतील. मला वाईट वाटत नाही. नुसता हातात फोन असून कुणाचं भागत नाही. लोकेशच्या हातातही फोन होताच, आणि ती भीती त्यातूनच घरात शिरली होती.

म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. एखादी गोष्ट वाचून किंवा पाहून घाबरायला झालं तर ती लगेच पुढे पाठवू नका. आधी कुणाला तरी विचारा. आमचा नंबर तोच राहणार आहे. तो लावला तर उत्तर द्यायला मी नसेन, पण संघमित्रा असेल.