सासूबाईंना आवडलेलं बटण

माझ्या सासूबाई टीव्हीचा रिमोट उलटा धरतात. त्यामुळे रोपवाटिकेला पाणी सोडायचं मी बनवलेलं ॲप त्या एकदाही न चुकता वापरतायत, हे ऑफिसात कळलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

चाचणीला घेतलेले बाकीचे शेतकरी अडखळत होते. कुणी भलतंच बटण दाबायचं, कुणी अर्ध्यातून मागे फिरायचं. सासूबाईंचं मात्र सगळं बिनचूक. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "छान आहे गं, सोपं आहे." त्यांच्या भरवशावर हेच ॲप उद्या सगळ्यांच्या फोनवर जाणार होतं. काही चुकलं तर लोकांची रोपं माझ्यामुळे करपणार.

संशय दिरावर. आईचा फोन घेऊन हाच बटणं दाबत असणार! "वहिनी, काय भारी केलंय!" म्हणाला, तेव्हाच ओळखायला हवं होतं. रंगेहाथ पकडायचं म्हणून न कळवता सकाळीच जाऊन थडकले.

दीर घोरत पडला होता.

सासूबाई रोपवाटिकेत होत्या. मी जाळीआड उभी राहिले. त्यांनी वाकून व्हॉल्व्हचा दांडा हाताने फिरवला, पाइपवर तळवा ठेवून पाणी आल्याची खात्री केली. मग हात पुसले, चष्मा लावला, फोन काढला आणि माझं बटण दाबलं. घाई नाही, गडबड नाही. चुकणार कशा?

"आई! हे काय चाललंय?"

त्या दचकल्या. "अगंबाई, तू कधी आलीस?"

"पाणी तर आधीच सोडलंत. मग बटण कशाला?"

"तुझ्या ऑफिसात दिसतं ना ते. घरच्याच माणसानं वापरलं नाही तर तुला बोल लागेल." मग हळूच म्हणाल्या, "दाबल्यावर पाणी सुटलं की नाही, कळतच नाही गं. बघायला यावंच लागतं. मग हातानंच सोडते."

मला रागही आला आणि रडूही. तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि उद्याचं थांबवायला सांगितलं.

पण डोक्यात शिरलेली नवी शंका काही जाईना.

"आई, लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्या स्वयंपाकालाही छान म्हणताय."

सासूबाईंनी चष्मा काढला आणि फोनची काच पुसायला घेतली.

"माती फार बसते गं हिच्यावर," त्या म्हणाल्या.