लुएलाच्या दारातली गुलाबी रेघ

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा बघू. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरातलं एक छोटं गाव, एप्रिल महिना, आणि रस्त्यावर रंगवलेली लांबच लांब गुलाबी रेघ. त्या रेघेवरून चालत जायचं, की अंगणात डॉगवुड फुललेल्या घरांपाशी पोचता येतं. दूरदूरची माणसं गाड्या घेऊन ती झाडं बघायला येतात. आणि समजा, ती रेघ नेमकी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन मागे फिरते. कसं वाटेल?

नऊ वर्षांच्या लुएलाला अगदी तसंच वाटायचं. ती जन्मली तेव्हा तिच्या वडिलांनी अंगणात डॉगवुड लावला होता. झाडाने आजवर एकही फूल दिलं नव्हतं.

वडील दर वसंतात बुंध्याभोवती लाकडाच्या ढलप्यांचा ढीग रचायचे. यंदा तो त्यांच्या गुडघ्याला लागला होता.

शेजारच्या इमोजीन मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "वेस्ली, झाड लावलंयस की पुरलंयस?"

"ऊब लागते मावशी त्याला."

"तुझ्या गळ्याशी जूनच्या भर उन्हात मफलर बांधते, मग सांग ऊब कशी लागते."

मावशींचा स्वतःचा डॉगवुड तीन वर्षांपूर्वी रोगाने वाळला, तेव्हापासून या गल्लीत रेघ येईनाशी झाली होती. त्यांनी लुएलाला जवळ बसवलं. दोघींनी हातांनी हळूहळू ढलप्या उकरल्या. खाली साल ओली, मऊ पडली होती. बुंधा मुळांशी रुंदावतो तो भाग उघडा पडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. ढलप्या त्यांनी लांबवर, पातळ पसरल्या.

"आता पाणी घाल, पण आठवड्यातून एकदाच, भरपूर," मावशी म्हणाल्या. "आणि बाबांना गवत कापायचं यंत्र बुंध्याजवळ आणू देऊ नकोस."

लुएलाने उन्हाळाभर पहारा केला. ऑक्टोबरात पानं लाल झाली, गळली, आणि फांद्यांच्या टोकांना शर्टाच्या बटणासारखे गोल कळे दिसले.

"टोकदार असतो तो पानाचा," मावशी म्हणाल्या, "बटणासारखा असतो तो फुलाचा."

अशी बटणं अकरा होती.

एप्रिलमध्ये अकराच्या अकरा उमलली, पांढरीशुभ्र. रेघ रंगवणारे थर्मनकाका डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा लुएला वाटेतच उभी होती.

काकांनी मान हलवली. "अकरा? पोरी, झाडावर शंभर फुलं हवीत असा नियम आहे. मीच केलाय."

लुएलाचा चेहरा उतरला. मावशी मात्र पायरीवरूनच म्हणाल्या, "थर्मन, चाळीस वर्षं रेघ ओढतोयस आणि फूल कशाला म्हणतात ते ठाऊक नाही? लुएला, दाखव त्याला."

मग कळे दाखवताना मावशींनी फुलांबद्दल सांगितलेलं लुएलाला आठवलं. तिने एक फांदी वाकवली. "काका, ही पांढरी चार आहेत ना, त्या पाकळ्या नाहीत, पानंच आहेत. फुलं मधे आहेत, ही हिरवट-पिवळी. मोजा."

काकांनी चष्मा चढवला. मोजलं, चुकले, पुन्हा मोजलं. "वीस."

"अकरा विसं?" लुएलाने विचारलं.

"दोनशे वीस," काका पुटपुटले. ते कितीतरी वेळ हसत राहिले. मग त्यांनी कुंचला तिच्या हाती दिला. "घे. तुझी रेघ तूच ओढ."

लुएलाने रेघ ओढत आणली, थेट आपल्या दारापर्यंत. वडील टाळ्या वाजवू लागले. पण ती थांबली नाही. कुंचला पुन्हा रंगात बुडवून तिने रेघ कुंपणाला वळसा घालून पुढे नेली, मावशींच्या पायरीपर्यंत.